तळघरात दर पावसाळ्यात पाणी भरतं? उपसण्याआधी ते कुठून येतंय ते ओळखा

मराठवाड्यात घर बांधताना पाण्याचा विचार होतो तो साठवायचा. हौद केवढा, टाकी किती हजारांची, बोअर किती फुटांवर लागली. नको असलेलं पाणी घरात शिरेल हे नकाशा काढताना कुणाच्या डोक्यात येत नाही. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरला पाणी देणारं मांजरा धरण त्याच वर्षी परतीच्या पावसात भरलं. आपल्याकडचा पाऊस असा आहे. येत नाही तेव्हा येत नाही, आणि आला की चार दिवसांत महिन्याचा हिशेब चुकता करतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना, सिंदफणा, मांजरा या नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पण नदीचा पूर नदीकाठाला येतो. तळघरातला पूर टेकाडावरच्या कॉलनीतही येतो आणि बातमीत येत नाही.

तक्रार साधारण सगळीकडे एकच असते. दर पावसाळ्यात तळघरात घोटाभर ते कमरेएवढं पाणी. मोटार लावून उपसलं, फिनेल टाकून धुतलं, दिवाळीच्या आधी मिस्तरीला बोलावून भिंतींना आतून वॉटरप्रूफिंगचा हात मारला. पुढच्या भादव्यात परत पाणी, आणि मिस्तरी म्हणतो, "साहेब, अजून एक हात मारून देतो." बांधकाम-दुरुस्तीची कामं करताना हे इतक्यांदा ऐकलंय की मी आता आधी रंगाचा डबा बघायला मागत नाही, पाणी कधी आलं ते विचारतो.

पायरी उतरण्याआधी

पाणी बघून पहिली घाई असते ती खाली उतरून सामान वाचवायची. थांबा. तळघरातल्या पाण्यात बोर्ड, प्लग, फ्रिज, मोटारीची केबल काहीही बुडालेलं असू शकतं. मेन स्विच वर असेल आणि तुम्ही कोरड्या जागेवर उभे असाल तरच तो पाडा. मीटर किंवा मेन स्विच तळघरातच असेल तर हात लावू नका, महावितरणच्या १९१२ वर कळवून खांबावरून लाइन बंद करून घ्या. आणि मेन पाडला म्हणजे झालं असं नाही. इन्व्हर्टर अजून चालू असतो. पुष्कळ घरांत तो जिन्याखाली किंवा तळघरातच ठेवलेला असतो, मेन गेल्याबरोबर तोच त्या वायरींत वीज सोडतो. तोही बंद करायला हवा, पण त्यासाठी पाण्यात उतरू नका. जिथं हात पोचत नाही तिथं इलेक्ट्रिशियन.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. गटाराचं पाणी बंद जागेत साचलं की विषारी वायू होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि जास्त झाला की वास येणंच बंद होतं, म्हणून वास गेला म्हणजे हवा चांगली झाली असं धरू नका. झडपा (तळघराच्या हवेच्या खिडक्या), दारं उघडून बराच वेळ वारा खेळू द्या. खाली कुणी एकटं उतरायचं नाही, वर एक माणूस उभा पाहिजे, आणि खालचा कोसळला तर वरच्यानं उडी मारायची नाही, अग्निशमन दलाला बोलवायचं. जुन्या वाड्यातलं पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) किंवा बंद विहीर असेल तर हे चौपट लागू.

डिझेल इंजिन किंवा जनरेटर तळघरात उतरवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत माणूस मारतो, नळीनं धूर बाहेर सोडला तरी भरवसा नाही. इंजिन वर अंगणात, पाइप खाली.

राहिलं साप-विंचवाचं. पाणी वाढलं की घोणस, मण्यार, विंचू कोरडी जागा शोधतात आणि तळघरातल्या वरच्या कप्प्यात बसतात. हात घालण्याआधी काठीनं ढोसा. पायांत गमबूट, हातात रबरी मोजे. पायाला जखम असेल तर दुसऱ्याला उतरवा, कारण उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. उतरून आल्यावर महिनाभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे आवर्जून सांगा.

तळघरात अभ्यासिका किंवा शिकवणी चालवत असाल तर वेगळं सांगतो. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत राजेंद्र नगरच्या एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. पाऊस पडत असताना रस्त्यावर पाणी तुंबायला लागलं की पोरांना वर काढायचं, पाणी पायरीवर यायची वाट बघायची नाही.

पाणी असतानाच पुरावा असतो

उपसा लावण्याआधी मोबाइल काढा. पाण्याची पातळी, भिंतीवरची रेघ, सामान, सगळ्यांचे तारखेसकट फोटो. पंचनामा आणि विमा, दोन्हींना ते लागतात. गाडी बुडाली असेल तर चालू होते का बघू म्हणून किक मारू नका, स्टार्टरही दाबू नका. इंजिनात पाणी असताना चालू करायला गेलात तर इंजिन जातं, आणि विमावाले त्यावरून वाद घालतात.

मग पाण्याकडे नीट बघा. मातकट आहे की नितळ? वास? वर तेलकट थर आहे का? भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. दोन-तीन तासांनी परत बघा. याहून स्वस्त तपासणी नाही.

पाण्याच्या वागण्यावरून त्याचं मूळ बऱ्यापैकी कळतं. पावसाचा जोर असताना तासाभरात मातकट पाणी आलं आणि पाऊस थांबल्यावर वाढायचं थांबलं, तर ते वरून आलंय. उतारावरून, झडपेतून, नाहीतर गच्चीच्या पाइपातून. पाऊस चालू असताना काळपट, घाण वासाचं पाणी नाहणीच्या जाळीतून किंवा संडासातून उफाळलं, तर ती ड्रेनेजची लाइन उलटली. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांनी नितळ, थंडगार पाणी फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून पाझरायला लागलं आणि पंधरा दिवस हटलं नाही, तर ते जमिनीतलं पाणी आहे. त्याच दिवसांत आजूबाजूच्या बोअरवेल आपोआप वाहायला लागल्या असतील तर शंकाच नको. आणि चैत्र-वैशाखातही ओल असेल तर पावसाला दोष देऊ नका, घरातलंच काहीतरी गळतंय.

जमिनीतल्या पाण्याचं आपल्याकडचं गणित जरा समजून घ्यायला हवं. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तळघर करायचं म्हणजे ब्रेकर लावून तो पाषाण फोडायचा. भिंत उभी राहते, पण भिंत आणि फोडलेला खडक यांच्यामध्ये दीड-दोन फुटांची फट राहते. ती कशानं भरतात? विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, साइटवरचा राडारोडा, वरून काळी माती. खडकातून पाणी खाली जात नाही, भरावात मात्र सुखानं मुरतं. म्हणजे तुमचं तळघर विहिरीत ठेवलेल्या डब्यासारखं झालं. पाऊस विहीर भरतो आणि डब्याला जिथं भोक असेल तिथून आत येतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांतून मृगाचा पहिला मोठा पाऊस सरळ खाली उतरतो. माती फुगून भेगा मिटेपर्यंत बरंच पाणी आत गेलेलं असतं.

आता गच्चीच्या पाइपाचं. एका महसूल मंडळात दिवसभरात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ६५ मिलिमीटर म्हणजे जवळपास ६,००० लिटर. पाच हजारी टँकरहून जास्त पाणी एका दिवसात तुमच्याच गच्चीवरून उतरतं, आणि तो पाइप बहुतेक घरांत कुठं सोडलेला असतो? भिंतीच्या बुडाशी, नेमका त्या भरावात. कित्येकांनी पुनर्भरण म्हणून तो भिंतीला लागून शोषखड्ड्यात सोडलाय. शोषखड्डा चांगलाच, सांडपाणी शोषखड्ड्यांत मुरवणाऱ्या नांदेड पॅटर्नचं कौतुक उगीच झालं नाही, पण तळघराच्या भिंतीला चिकटून शोषखड्डा म्हणजे आपणच आपल्या घरात पाणी मुरवणं. किमान १५-२० फूट लांब आणि उताराच्या बाजूला घ्या.

छत्रपती संभाजीनगरच्या एका घरातलं प्रकरण सांगण्यासारखं आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, म्हणून अंगणात तळघराला लागूनच मोठा हौद. हौदाची आणि तळघराची भिंत एकच, कारण तेवढाच खर्च वाचतो. पूर्वेच्या कोपऱ्यात जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत ओल, रंगाचे पोपडे, पांढरा लोणा. नखानं खरवडला की भुकटी पडायची. पावसाळ्यात तिथंच पाणी साचायचं, म्हणून घरातले पावसावर खापर फोडत होते. मावशींना विचारलं, ओल कधी जास्त वाटते? त्या म्हणाल्या, "नळ आला की दुसऱ्या दिवशी पोतं टाकावं लागतं बघा तिथं." उत्तर तिथंच मिळालं. हौद काठोकाठ भरून सगळे व्हॉल्व्ह बंद केले, आत खडूनं रेघ मारली, चोवीस तास उपसा बंद. पाणी बोटभर उतरलं. दहा बाय आठ फुटांच्या हौदात एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास ७५ लिटर, हे दिवसाला भिंतीत चाललं होतं. तळघराला काही करायची गरजच नव्हती. हौद रिकामा करून आतून कोपऱ्यांना गोलाई दिली, पिण्याच्या पाण्याला चालणारं कोटिंग केलं. तळघराच्या बाजूनं कितीही हात मारले असते तरी पाणी त्यांना मागून ढकलतच राहिलं असतं.

ओल जमिनीतून येते की हवेतून, हे बघायला प्लॅस्टिकचा दीड फुटाचा चौकोनी तुकडा कोरड्या दिसणाऱ्या फरशीवर चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला धरले तर पाणी फरशीतून येतंय. वरच्या अंगाला धरले तर तळघरातली हवाच दमट आहे, तिथं पंखा लागेल, मिस्तरी नाही.

उपसताना घाई नको

हे वाचून लोक हसतात, पण भरलेलं तळघर दोन तासांत रिकामं करणं धोक्याचं असतं. बाहेरची जमीन पाण्यानं भरलेली असते तेव्हा आतलं पाणी भिंतीला आतून टेकू देत असतं. बाहेर दोन मीटर पाणी असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे दोन टन रेटा येतो. फरशीला खालून दर चौरस मीटरला तितकाच, आणि चार इंची काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला २४० किलोच्या आसपास. आतलं पाणी एकदम काढलं की फरशी उचलते, भिंत आत फुगते. जुन्या वाड्याची दगड-चुन्याची भिंत तर बसूही शकते.

म्हणून कमरेएवढं पाणी असेल तर दिवसाला साधारण एक तृतीयांश काढा, रेघ मारा, रात्र जाऊ द्या. सकाळी पाणी परत रेघेच्या वर चढलं असेल तर बाहेरची पातळी अजून उतरलेली नाही. थांबा, उपसून उपयोग नाही, उलट भिंतीला धोका. घोटाभर पाणी असेल तर एवढा विचार करू नका, काढून टाका.

शेतातली विहिरीवरची मोटार आणून सोडायची सवय आपल्याकडे आहे. ती स्वच्छ पाण्यासाठी असते. गाळ, चिंध्या, प्लॅस्टिक आलं की पंखा अडकतो, पाणी कमी झालं की कोरडी फिरून जळते. भाड्यानं मड पंप मिळतो, तो आणा. तो मिळालाच नाही तर मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाचं पाण्यातलं टोक) टोपलीत ठेवून वर मच्छरदाणीचं कापड गुंडाळा. आणि पाइपाचं दुसरं टोक कुठं आहे ते बघा. अंगणात सोडलेलं पाणी त्याच भरावातून रात्री परत येतं. रस्त्याच्या नालीपर्यंत पाइप न्यायचा.

सफाई

गाळ ओला असतानाच काढा. वाळला की काळ्या मातीची पेंड होते आणि कुदळीनं खणावी लागते. फावडं, घमेलं, मग खराटा, मग पाणी मारून वायपर. वरून खाली धुवायचं, फरशी शेवटी.

काय ठेवायचं यावर घरात भांडण होणारच, त्यामुळे मी सरळ सांगतो. गाद्या, उश्या, पुठ्ठे, पार्टिकल बोर्डाचं फर्निचर, भिजलेला पीओपी, हे गेलं. बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात. सागवानी लाकूड, स्टील, प्लॅस्टिक, काच धुऊन वापरता येतं. गटाराच्या पाण्यात भिजलेली ज्वारी, गहू, डाळ वाळवून खायची नाही, आणि जनावरांना तर मुळीच घालू नका. बुरशीचं विष उन्हात वाळवून जात नाही. साठवलेलं धान्य फेकताना जिवावर येतं, मान्य आहे.

निर्जंतुकीकरण गाळ पूर्ण निघाल्यावरच. चिखलावर ब्लीचिंग पावडर भुरभुरणं म्हणजे पावडर वाया, क्लोरीन चिखलातच खर्ची पडतं. प्लॅस्टिकच्या बादलीत १० लिटर पाण्याला दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी फरशी आणि भिंतींवर मारा. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. पोतं उघडं पडून राहिलेली पावडर ताकद गमावते, वास नसेल तर ती नुसता चुना आहे. संडास धुवायच्या ॲसिडात ती कधीही मिसळू नका, बंद तळघरात त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसं जाळतो. काम करताना दारं-झडपा उघड्या आणि तोंडाला मास्क.

मग वाळवणं, आणि इथंच लोक हात आखडता घेतात. पंखा समोरासमोर असा ठेवा की हवा एका बाजूनं येऊन दुसरीकडून निघेल. बाहेर झिमझिम चालू असेल तेव्हा खिडक्या उघडून काही साधत नाही, बाहेरचीच हवा ओली असते. आपल्याकडचं ऑक्टोबरचं कोरडं ऊन फुकट मिळतं, ते वापरा. भिंत आतून वाळायला आठवडे लागतात. त्याआधी पुट्टी-रंग लावला तर पोपडे धरायला संक्रांतही उजाडत नाही. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून काढा. पाण्यानं धुतला तर क्षार परत भिंतीत शिरतात. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती वर चढते.

पुन्हा येऊ नये म्हणून

पाणी वरून येत असेल तर उपाय स्वस्त आहे. गच्चीचा पाइप लांब न्या. भिंतीलगत बाहेरून फरशी करून घराकडून रस्त्याकडे उतार द्या, दहा फुटांना सहा इंच. गाडीच्या उतारावर सुरुवातीलाच रस्त्याहून सहा-आठ इंच उंच उंबरा आणि खाली जाळीची आडवी नाली. झडपांची कड जमिनीपासून फूटभर वर. रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं की रस्ता वर आणि तुमचा उंबरा खाली जातो, हे मात्र दर काही वर्षांनी होतं, आणि त्याला तक्रार अर्जापेक्षा उंबरा वाढवणं जास्त लागू पडतं.

ड्रेनेज उलटत असेल तर बाहेरच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारा, उलटं येऊ न देणारा) बसवा आणि मृगाआधी उघडून साफ करा, त्यात केस नि प्लॅस्टिक अडकलं की तो मिटत नाही. मुख्य लाइनपेक्षा तळघराची मोरी खाली असेल तर व्हॉल्व्हनंही भागत नाही. ती मोरी कायमची बुजवा, तळघरात संडास नकोच.

जमिनीतलं पाणी असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्याला वाट द्या. जमेल तिथं बाहेरचा भराव काढा, पायाच्या पातळीला छिद्रांचा पाइप टाका, भोवती खडी, खडीवर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), वर मुरूम. पाइप एका खड्ड्यात उतरवा. बाहेरून भिंतीला पाणी अडवणारी झिल्ली किंवा शहाबादी फरशीचा बॉक्स करायची संधी बांधकामाच्या वेळीच असते. शेजारची भिंत चिकटून असेल तर बाहेरून खोदता येत नाही. मग आतून भिंतीच्या कडेनं चार इंची नाली, एका कोपऱ्यात दोन बाय दोन फुटांचा, तीन फूट खोल खड्डा, आणि त्यात फ्लोटवर (पाण्याबरोबर वर उचलणाऱ्या तरंगत्या स्विचवर) आपोआप चालू होणारा पंप. आतून लावायची स्फटिकी कोटिंग आणि भेगांत भरायची इंजेक्शनं उपयोगी आहेत, पण पाण्याला दुसरी वाट दिल्यानंतर. आधी नाही.

पंपाला ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, त्याचा बोर्ड छातीच्या उंचीवर. आणि मुसळधार पावसात आपल्याकडे पहिली लाइट जाते, त्यामुळे तो पंप इन्व्हर्टरवर घेतलेला असावा आणि इन्व्हर्टर तळघरात नसावा. मे महिन्यात खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून फ्लोट उचलतो का ते बघा. वर्षभर पडून राहिलेला फ्लोट बहुतेक वेळा नेमका कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला असतो.